कोपरात लिगामेंटच नाही, तरी साय यंग: आर. ए. डिकीची केस

सगळी भानगड एका फोटोमुळे झाली. १९९६ चा उन्हाळा, अटलांटा ऑलिंपिक तोंडावर, आणि अमेरिकेतल्या एका बेसबॉल मासिकाच्या कव्हरवर टीम यूएसएचे पिचर, म्हणजे बेसबॉलचे बोलर, ओळीने उभे केलेले. बाकीच्यांचे हात नीट खाली सोडलेले, एकाचा उजवा हात मात्र कोपरात जरासा वाकून लोंबतोय, म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या ग्रुप फोटोत एखादा काका हातात पिशवी नसतानाही पिशवी धरल्यासारखा उभा असतो ना, तसा. तुम्ही-आम्ही बघितलं असतं तर पान उलटून पुढे गेलो असतो. पण तो फोटो टेक्सास रेंजर्स या टीमच्या ट्रेनरच्या नजरेला पडला, आणि रेंजर्सनी त्याच पोराला नुकतंच ड्राफ्टच्या (टीमा पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याच्या) पहिल्या राउंडमध्ये अठराव्या नंबरला उचललं होतं, ८ लाख १० हजार डॉलरचा बोनस ठरला होता, फक्त सही राहिली होती. ट्रेनरला तो हात खटकला, मग डॉक्टर, मग तपासण्या, आणि रिपोर्ट असा आला की या पोराच्या उजव्या कोपरात अल्नर कोलॅटरल लिगामेंट नाहीच. फाटलेलं नाही, सुजलेलं नाही, नाहीच. जन्मापासून नव्हतं की लहानपणी झिजून गेलं हेही कोणाला सांगता आलं नाही.

पोराचं नाव रॉबर्ट अॅलन डिकी, सगळे आर. ए. म्हणतात, गाव नॅशव्हिल, टेनेसी. तेव्हा वय २१, युनिव्हर्सिटीत इंग्रजी साहित्य शिकणारा, घरची परिस्थिती बेताची. रेंजर्सनी ऑफर मागे घेतली. नंतर काय वाटलं कोणास ठाऊक, परत बोलावलं आणि ७५ हजारांवर सही करून घेतली. म्हणजे एका फोटोने ७ लाख ३५ हजार डॉलर खाल्ले. (पोरगं ऑलिंपिकचं ब्रॉन्झ घेऊन आलं, ते वेगळं.)

हे लिगामेंट म्हणजे काय, तर कोपराच्या आतल्या अंगाला दंडाचं हाड आणि खालच्या हाताचं हाड एकत्र बांधून ठेवणारी छोटीशी पट्टी. पिचर बॉल जोरात फेकतो तेव्हा कोपर आतून उघडायला बघतं आणि ही पट्टी ते धरून ठेवते, त्यामुळे बेसबॉलमध्ये पिचरचं करिअर म्हणजे या पट्टीचं आयुष्य असं म्हटलं तरी चालेल. फाटली तर मनगटाजवळचा दुसरा टेंडन काढून तिथे बसवतात, त्या ऑपरेशनला टॉमी जॉन सर्जरी म्हणतात, कारण डॉ. फ्रँक जोब यांनी ते पहिल्यांदा टॉमी जॉन नावाच्या पिचरवर २५ सप्टेंबर १९७४ ला केलं, आणि तो बाबा त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला. आता योगायोग बघा, डिकीचा जन्म २९ ऑक्टोबर १९७४ चा. पिचरचं हे लिगामेंट दुरुस्त करायचं पहिलं ऑपरेशन झालं आणि साधारण पाच आठवड्यांत ते लिगामेंटच नसलेला पिचर जन्माला आला.

ही केस मी लिहायला घेतली कारण पुढे साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं अवॉर्ड, मिळवणाऱ्या डिकीची गोष्ट जिथे तिथे ‘हार मानू नका’ छाप पोस्टमध्ये सांगितली जाते, आणि त्याने काय नक्की केलं, कधी केलं, कोणी शिकवलं, किती वर्षं ते जमलंच नाही, हे सगळं गाळून टाकतात. मला विचाराल तर चिकाटी त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून होतीच, ती असूनही ३५ वर्षांचा होईपर्यंत त्याचं काही झालं नव्हतं. मग बदललं काय? माझं मत आहे की दोन गोष्टी. एक, त्याने जुनी विद्या ‘असू दे अडीअडचणीला’ म्हणून खिशात ठेवलेली ती एकदाची टाकून दिली. दोन, त्याला घराणं मिळालं. दोन्हीवर येतो.

आधी पहिली वर्षं पटकन उरकतो कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. मायनर लीग म्हणजे बसचा प्रवास, स्वस्त हॉटेलं, मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पहिली मॅच एप्रिल २००१ ला, मग परत खाली, मग वर, मग खाली. २००३ ला ९ मॅच जिंकल्या ८ हरल्या (बेसबॉलमध्ये मॅचची हारजीत एका पिचरच्या नावावरही लागते), हेच काय ते बरं वर्ष. साधा पिचर, फास्टबॉल सुरुवातीला नव्वद मैलांच्या वर जायचा, तो हळूहळू ८५-८६ मैलांवर आला, म्हणजे आपल्या हिशोबात ताशी १३७-१३८ किलोमीटर. क्रिकेटमध्ये या स्पीडवर माणूस सुखाने मीडियम फास्ट म्हणून दहा वर्षं खेळतो कारण बॉल टप्पा पडून येतो, पिच मदत करतं, हवा मदत करते. बेसबॉलमध्ये टप्पाच नाही, सगळे बॉल फुलटॉस, आणि फुलटॉस १३७ ला टाकला तर तिथले बॅटर सोडत नाहीत.

२००५ ला, तिशी गाठलेली असताना, रेंजर्सचा मॅनेजर बक शोवॉल्टर आणि पिचिंग कोच ओरेल हर्शायझर यांनी त्याला बसवून सांगितलं की बाबा तुझ्या नेहमीच्या पिचिंगवर तुझं इथे भविष्य नाही, तू पूर्णवेळ नकलबॉलवाला हो. म्हणजे ऑफिसात पंधरा वर्षं अकाउंट्स केलेल्या माणसाला म्हणायचं, उद्यापासून तबला वाजव, आणि तोही मैफलीत. पण हे त्यांनी हवेत सोडलं नव्हतं. डिकीकडे आधीपासून एक विचित्र बॉल होता, त्याला तो नुसतं ‘ती वस्तू’ अशा अर्थाचं नाव द्यायचा, फोर्कबॉल (शेवटी खाली पडणारा बॉल) समजून टाकायचा पण मुळात तो जोरात टाकलेला नकलबॉलच होता. कोचला ते दिसलं, त्याला स्वतःला नव्हतं दिसलं.

आता नकलबॉल म्हणजे काय

नकल म्हणजे बोटाचं पेर, पण बॉल पेराने धरत नाहीत, नखांनी धरतात. तर्जनी आणि मधल्या बोटाची नखं शिवणीच्या जवळ कातड्यात रुतवायची, अंगठा आणि बाकीची बोटं नुसती आधाराला, मनगट ताठ, आणि बॉल सोडताना तो फिरताच कामा नये. नेहमीचा फास्टबॉल हातातून सुटून कॅचरपर्यंत, म्हणजे बेसबॉलच्या विकेटकीपरपर्यंत, जाईस्तोवर पंधराच्या आसपास गिरक्या घेतो. नकलबॉलने एक घ्यावी, फार तर. त्याहून जास्त फिरला तर तो निव्वळ स्लो बॉल होतो आणि स्टँडमध्ये जाऊन पडतो. अजिबातच फिरला नाही तरीही तितकी मजा येत नाही, थोडासा, आळसावल्यासारखा फिरायला पाहिजे.

का, तर फिरणाऱ्या बॉलचा रस्ता ठरलेला असतो, कुठल्या बाजूला वळणार हे फिरकीवर ठरतं आणि चांगला बॅटर ते वाचतो. न फिरणाऱ्या बॉलवर मात्र हवेचं राज्य. बेसबॉलची शिवण क्रिकेटच्या बॉलसारखी मधोमध पट्ट्यासारखी नसते, ती आख्ख्या बॉलवर नागमोडी फिरते, १०८ दुहेरी टाके, त्यामुळे बॉल जरासा वळला की हवेसमोर कधी शिवण येते कधी गुळगुळीत चामडं येतं, एका बाजूची हवा लवकर सुटते, दुसऱ्या बाजूची उशिरा, आणि बॉल त्या त्या वेळी तिकडे तिकडे ढकलला जातो. आधी डावीकडे, मग खाली, मग परत उजवीकडे. टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. कॅचरलाही माहीत नसतं, म्हणून नकलबॉलवाल्यांचे कॅचर मोठ्ठा ग्लोव्ह घालतात आणि तरीही बॉल सुटतात.

आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो श्रीरामपूरच्या झहीर खानमुळे, २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये त्याने नकल बॉल टाकला तेव्हा. पण तिथे आणि इथे फरक आहे तो लक्षात घ्या, झहीरचा नकल बॉल हा फसवणुकीचा माल होता, हात जोरात येतो आणि बॉल हळू येतो, आणि ओव्हरमध्ये एखादाच. बेसबॉलचा नकलबॉलवाला शंभरातले ऐंशी-नव्वद बॉल तेच टाकतो, बॅटरला पक्कं माहीत असतं काय येणार, आणि तरीही मारता येत नाही. किंवा येतं.

मी हे वाचून आमच्या पार्किंगमध्ये एक जुना सीझन बॉल घेऊन भिंतीवर करून बघितलं. पहिला निष्कर्ष: नख दुखतं. दुसरा: तीस-चाळीस बॉलमध्ये एकही असा गेला नाही जो फिरला नाही, सुटताना मधलं बोट गुपचूप ढकलतंच, कितीही ठरवलं तरी, कारण आयुष्यभर बॉल फेकताना शेवटी बोटाने ढकलायची सवय आहे आणि इथे नेमकं तेच करायचं नाही. शेजारच्या काकांनी गाडी काढताना विचारलं, काय रे बॉल चिकटतोय का हाताला. तर मुद्दा हा की ही विद्या म्हणजे नवीन काही शिकणं कमी आणि जुनी सवय मारणं जास्त.

नखांवरून आठवलं. नकलबॉलवाल्याच्या बॅगेत नेल फाइल असणारच, नख जरा वाढलं तर बॉल फिरतो, जरा कमी झालं तर पकड जाते, तुटलं तर सुट्टी. १९८७ ला जो निक्रो नावाच्या नकलबॉलवाल्याला अंपायरनी भर मैदानात खिसे उलटे करायला लावले, त्याने हात वर उडवले आणि खिशातून नखं घासायची पट्टी उडून गवतावर पडली. म्हणाला नखांसाठी ठेवतो. अंपायरना वाटलं बॉल घासायला ठेवतो. दहा दिवसांची बंदी. नखांचं कारण खोटं नव्हतंच म्हणा, पण तेवढंच होतं का हा भाग वेगळा.

सहा होमरन

६ एप्रिल २००६, आर्लिंग्टन, टेक्सास, घरचं मैदान. डिकीची नकलबॉलवाला म्हणून मेजर लीगमधली पहिली स्टार्ट, म्हणजे मॅचची सुरुवात त्याच्याच हातून, समोर डेट्रॉइट टायगर्स. बॉल फिरला. एक होमरन (म्हणजे आपला सिक्सर), मग दुसरा, आणि असे करत नऊ इनिंगच्या मॅचमध्ये साडेतीन इनिंगसुद्धा पूर्ण व्हायच्या आत सहा. आधुनिक बेसबॉलमध्ये एका पिचरने एका मॅचमध्ये दिलेल्या होमरनचा रेकॉर्ड सहाचाच होता, त्याची बरोबरी झाली. गंमत म्हणजे त्या आधी दोनच वर्षं तोच सहाचा आकडा टिम वेकफील्डच्या नावावर लागला होता, समोर टीमही डेट्रॉइटच, आणि वेकफील्ड कोण, तर त्या काळातला सगळ्यात नावाजलेला नकलबॉलवाला. म्हणजे या धंद्यात मोठ्यातल्या मोठ्याचाही कधीतरी असा दिवस येतोच, फक्त वेकफील्डच्या मागे दहा वर्षांची पुण्याई होती, डिकीच्या मागे काहीच नव्हतं. लगेच खाली पाठवलं, ओक्लाहोमाला.

पुढच्या चार वर्षांत टीमा बघा: रेंजर्सनी सोडलं, २००७ ला मिलवॉकीच्या मायनर टीमकडे, म्हणजे आपल्याच गावी नॅशव्हिलला, २००८ सिएटल, २००९ मिनेसोटा. सिएटलला असताना एकदा एका इनिंगमध्ये चार वाइल्ड पिच (कॅचरलाही अडवता न येणारे बॉल) टाकले, तोही रेकॉर्डची बरोबरी. नको ते रेकॉर्ड त्याला बरोबर सापडायचे. २००९ संपलं तेव्हा मेजर लीगचा हिशोब २२ विजय, २८ पराभव, ईआरए ५.४३. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे सरासरी किती रन दिले, चारच्या खाली असला तर नोकरी टिकते, पाचच्या वर गेला की एजंट फोन उचलत नाही.

मधे एक नदीचा किस्सा आहे तो सांगायलाच हवा, सगळे सांगतात. जून २००७, ओमाहाला मॅच होती, हॉटेल मिसुरी नदीच्या काठावर, आणि या गृहस्थाच्या डोक्यात आलं की नदी पोहून पार करायची. पायात चपला टेपने बांधल्या आणि उतरला. मधेच कळलं की ओढ आपल्या हिशोबापेक्षा भलतीच आहे, मागे फिरला, दमला, नाकातोंडात पाणी, जवळजवळ संपलाच होता, कसाबसा काठाजवळ आला तेव्हा टीममधल्या ग्रँट बॅलफोरने हात देऊन ओढून काढला. त्यानंतर त्या सीझनमध्ये तो सुटलाच, सीझन संपला तेव्हा १३ विजय ६ पराभव, त्या लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचर. डिकी स्वतः या प्रसंगाला पुनर्जन्म मानतो, श्रद्धाळू माणूस आहे, मानू दे. पण मला वाटतं नदीने मन हलकं झालं असेल, बॉल कसा सोडायचा ते काही नदीने शिकवलं नाही. ते दुसऱ्यांनी शिकवलं.

घराणं

बेसबॉलमध्ये हजारो पिचिंग कोच आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना नकलबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. त्यामुळे ज्यांना येतो ते एकमेकांना शिकवतात, टीम कुठलीही असो, पैसे न घेता. संगीतात जसं असतं तसंच, फरक एवढाच की इथे गुरू शिष्याला उद्या आपल्याच विरुद्ध उतरताना बघतो. फिल निक्रो (वरच्या खिसेवाल्या जोचा थोरला भाऊ, ३१८ विजय, ४८ वर्षांचा होईपर्यंत खेळला) हे वडिलांकडून शिकला, वडील ओहायोतले कोळसा खाणीतले कामगार, अंगणात शिकवलं. वेकफील्ड मुळात बॅटिंगसाठी घेतलेला पोरगा, बॅटिंग जमेना म्हणून नकलबॉलकडे आला, आणि अडला तेव्हा निक्रो भावांनी त्याला सांभाळून घेतलं. चार्ली हफ मायनर लीगमध्ये हात दुखावल्यावर याकडे वळला आणि ४६ व्या वर्षापर्यंत टाकत राहिला.

डिकी तिघांकडेही गेला. हफने आधी पकडच बदलली, बोटं कुठे आणि नखं कुठे ते नव्याने बसवलं. मग सांगितलं की दाराच्या चौकटीत उभा आहेस असं समज आणि हात, पाय, खांदा काहीही चौकटीला न लागता बॉल टाक. किती साधी गोष्ट आहे बघा, पण त्यात सगळं आलं, कारण अंग आडवं फिरलं की हात फिरतो आणि हात फिरला की बॉल फिरतो. आयुष्यभर जोर काढायला अंग फिरवणाऱ्या माणसाला अंग चौकटीत कोंबायला सांगितलं. २००८ ला वेकफील्डने, समोरच्या टीमचा असूनही, आपल्या सरावाला त्याला शेजारी उभं राहू दिलं, हवं ते विचारू दिलं. आणि निक्रोने जॉर्जियात त्याचं टाकणं बघून सांगितलं की तुझी कंबर मागे राहते, ती बॅटरकडे ढकल. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीने त्याचा बॉल जोरात जाऊनही न फिरणारा झाला, आणि इथेच डिकी गुरूंपेक्षा वेगळा झाला.

कारण वेकफील्डचा नकलबॉल ६५ मैलांच्या आसपास तरंगत यायचा, फुलपाखरासारखा. डिकीचा सरासरी ७७ च्या पुढेमागे आणि मनात आलं तर ८० च्या वर. ताशी १२४ ते १३० किलोमीटरने येणारा, न फिरणारा, शेवटच्या काही फुटांत कुठेही जाणारा बॉल. बॅटरला हळू बॉलवर निदान थांबून बघता येतं, इथे थांबायला वेळच नाही. असा नकलबॉल आधी कोणी सातत्याने टाकला नव्हता. फास्टबॉलवाला म्हणून जो हात कमी पडत होता तोच हात नकलबॉलवाला म्हणून घराण्यात सगळ्यात जोरदार ठरला.

२०१० ला न्यूयॉर्क मेट्सनी मायनर लीगच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतलं आणि सीझनआधीच्या कँपमधून पहिल्यांदा कोणाला घरी, म्हणजे खालच्या टीमला, पाठवलं असेल तर यालाच. बफेलोला गेला. २९ एप्रिलला तिथे पहिल्या बॅटरने हिट मारला (बॉल मारून बेसवर पोचला) आणि त्यानंतरचे २७ च्या २७ ओळीने बाद. तीन आठवड्यांत वर बोलावलं, त्या सीझनला मेट्ससाठी ११ विजय, ईआरए २.८४. पुढे दोन वर्षांचं ७८ लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट. वय ३६. आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या वर्षीची नोकरी पक्की.

माझ्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर या मधल्या चार वर्षांत आहे. २००६ चा डिकी हा नकलबॉल टाकणारा जुना पिचर होता. बॉल नीट पडेना की घाबरून फास्टबॉलकडे पळायचा, त्याच ८५ वाल्या, आणि मार खायचा. मेट्सचा डिकी नकलबॉल नीट पडेना तेव्हा पुढचाही नकलबॉलच टाकायचा. फास्टबॉल होता अजून, पण तो चवीपुरता, बॅटर विसरला असेल तेव्हा. आपल्याकडे नवीन धंदा सुरू करताना सगळे सांगतात ना, जुनी नोकरी सोडू नको, हाताशी असू दे. बहुतेकांसाठी हा सल्ला बरोबरच आहे. पण ज्या विद्येत जुनी सवयच आड येते तिथे हाताशी ठेवलेली जुनी नोकरी रोज थोडी थोडी नवीन बिघडवत राहते, हे डिकीच्या आकड्यांत दिसतं.

मग २०१२. वय ३७. सुरुवात काही फार शुभ नव्हती, एप्रिलमध्येच पोटाचा स्नायू फाटला आणि तो तसाच घेऊन आख्खा सीझन खेळला, ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये. अटलांटाला एकदा पावसात आठ रन दिले, ओल्या बॉलवर नखं ठरत नाहीत, नकलबॉलवाल्याचं पावसाशी वाकडंच. पण मे संपता संपता काहीतरी लागलं. १३ जूनला टँपा बेविरुद्ध आख्खी मॅच टाकून एकच हिट दिला. पुढची मॅच १८ जूनला बाल्टिमोरविरुद्ध, परत आख्खी मॅच, परत एकच हिट. या काळात ३२ इनिंगच्या वर रनच दिला नाही, मेट्सचा रेकॉर्ड.

सीझनचे आकडे असे: २० विजय ६ पराभव, ईआरए २.७३, २३० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ते नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकात, सगळ्यात जास्त, क्लेटन करशॉ या पिचरपेक्षा एकाने. इनिंगही सगळ्यात जास्त. पण मी एकच आकडा निवडायचा म्हटला तर वॉक निवडेन, २३३ इनिंगमध्ये फक्त ५४. वॉक म्हणजे भरकटलेले बॉल टाकून बॅटरला फुकट बेस देणं. जो बॉल कुठे जाणार हे खुद्द टाकणाऱ्याला माहीत नाही त्या बॉलने नऊ इनिंगमागे जेमतेम दोन वॉक. हे वाचून मी परत एकदा तपासलं होतं, टायपिंगची चूक नाही ना म्हणून. आणि ही टीम कशी होती, तर ७४ जिंकलेली ८८ हरलेली. त्या ७४ मधल्या २० याच्या एकट्याच्या नावावर. नोव्हेंबरमध्ये साय यंग अवॉर्ड, ३२ पैकी २७ जणांची पहिली पसंती. नकलबॉलवाल्याला साय यंग, हे त्याआधी कधीच झालं नव्हतं. निक्रोलाही नाही मिळालं.

त्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र आलं होतं, त्यात त्याने आठ वर्षांचा असताना झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल लिहिलं, तोवर ते जगापासून लपवलेलं होतं. मी यावर फार लिहीत नाही, एवढंच म्हणतो की ज्या वर्षांत त्याचा बॉल सुधारला त्याच वर्षांत तो समुपदेशकाकडे जाऊन हे बोलायलाही लागला होता, आणि दोन्हींची फारकत करून केस लिहिणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

आता मुंबई. हो, या गोष्टीत मुंबई आहे, आणि खरीखुरी. जानेवारी २०१२, म्हणजे त्या भन्नाट सीझनच्या आधी, डिकी किलिमांजारो चढला, सोबत केविन स्लोवी नावाचा पिचर आणि मेट्सचा सरावाचा कॅचर. कशासाठी, तर कामाठीपुऱ्यात देहविक्रीत ढकललेल्या बायका-मुलींसाठी काम करणाऱ्या बॉम्बे टीन चॅलेंज या संस्थेला पैसे जमवायला. मेट्सनी आधीच पत्र पाठवलं की वर जाऊन काही दुखापत झाली तर तुझं त्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट, ४२ लाख ५० हजार डॉलरचं, रद्द करायचा हक्क आम्ही राखून ठेवतो. सदतिशीत पहिल्यांदा धड पैसे दिसायला लागलेला माणूस, तरी गेला, चढला, उतरला, एक लाख डॉलरच्या वर जमवले. आणि साय यंग मिळाल्यावर, जानेवारी २०१३ मध्ये, आपल्या दोन मुलींना घेऊन मुंबईत आला, कामाठीपुऱ्यात गेला. इथे त्याला कोण ओळखणार? साय यंगवाला पिचर गल्लीतून चाललाय आणि कोणी सेल्फीला थांबवत नाही, हे चित्र मला फार आवडतं.

तोवर टीम बदललेली होती. डिसेंबर २०१२ मध्येच मेट्सनी त्याला टोरंटो ब्लू जेजला देऊन टाकलं, बदल्यात दोन तरुण पोरं महत्त्वाची, ट्रॅव्हिस डार्नो आणि नोआ सिंडरगार्ड. भावना बाजूला ठेवली तर मेट्सचा सौदा चोख होता, ३८ वर्षांचा माणूस सगळ्यात महाग असताना विकला आणि त्याच दोन पोरांसोबत २०१५ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, गाठली. टोरंटोने डिकीला आणखी दोन वर्षांचे अडीच कोटी डॉलर दिले. ज्याला एकेकाळी ७५ हजारांवर बोळवलं त्याला.

टोरंटोत २०१२ परत आलं नाही. चार वर्षं खेळला, दर वर्षी इमानदारीत दीडशे-दोनशेच्या वर इनिंग टाकल्या, ईआरए चारच्या आगेमागे, एकदा फील्डिंगचा गोल्ड ग्लोव्हही मिळाला, मग २०१७ ला अटलांटा, १० विजय १० पराभव, संपलं. आख्खं करिअर १२० विजय, ११८ पराभव. कोणी म्हणतात एका सीझनचा हिरो, आणि आकडे बघितले तर ते चूकही नाही. पण ३५ च्या आधी २२ आणि नंतर ९८ विजय, हे त्याच आकड्यांत आहे.

एक मॅच राहिली. १२ ऑक्टोबर २०१५, प्लेऑफ, डिकीची आयुष्यातली पहिली प्लेऑफ मॅच, एक्केचाळीस पूर्ण व्हायला सतरा दिवस बाकी. समोर टेक्सास रेंजर्स. मैदान आर्लिंग्टन, तेच जिथे सहा होमरन खाल्ले होते. बॉल फिरला नाही त्या दिवशी. टोरंटो ७-१ ने पुढे, पाचवी इनिंग, दोन बाद. नियम असा की स्टार्टरने पाच इनिंग पूर्ण केल्या तरच विजय त्याच्या नावावर लागतो, म्हणजे अजून एक बॅटर बाद करायचा. मॅनेजर जॉन गिबन्स चालत माउंडवर आला. हरलं की सीझन संपणार, त्याला काही धोका घ्यायचा नव्हता, बुलपेनमध्ये (राखीव पिचर हात गरम करतात तिथे) डेव्हिड प्राइस तयार होता. त्याने हात पुढे केला, डिकीने बॉल त्याच्या हातात दिला आणि डगआउटकडे चालू लागला. टोरंटो जिंकलं. विजयाची नोंद प्राइसच्या नावावर आहे.